पोटोमॅकच्या धबधब्यापासून मेग्ज यांच्या वॉशिंग्टनपर्यंत

वॉशिंग्टन शहराच्या वायव्येला, पोटोमॅक नदीच्या काठाने वीस-बावीस किलोमीटर वर गेले की ग्रेट फॉल्सचा गडगडाट कानी पडू लागतो. मोटार उभी करून जुन्या चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठाने थोडे चालायचे, साकव ओलांडून ओल्मस्टेड बेटावर जायचे आणि कठड्याशी उभे राहायचे. समोर नदी करड्या, धारदार खडकांतून फुटून निघते आणि एका मैलाहून कमी अंतरात ७६ फूट खाली येते. कठड्यापाशी छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते. धबधब्याच्या किंचित वरच्या अंगाला पाण्यातून गेलेली दगडी बंधाऱ्याची बुटकी रेषा मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते.

अमेरिकेच्या राजधानीचे पाणी या बंधाऱ्यापासून निघते. ते शहरापर्यंत नेणारी योजना आखली ती लष्करातील एका तरुण इंजिनिअरने, मॉन्टगोमेरी कनिंगहॅम मेग्ज यांनी. त्यांच्या नावावर रणांगणावरचा एकही गाजलेला विजय नाही. तरीही एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांपैकी वॉशिंग्टनवर त्यांच्याइतका ठसा क्वचितच कोणी उमटवला असेल. शहराचे पाणी, कॅपिटलचा घुमट, आर्लिंग्टनची दफनभूमी आणि विटांची एक अवाढव्य इमारत, या साऱ्यांत त्यांचा हात आहे. या गोष्टी एकमेकींपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. बंधाऱ्यापासून सुरुवात करून पाण्याच्या वाटेने शहरात उतरत गेले, तर मेग्ज यांचे आयुष्य जवळजवळ घडले त्याच क्रमाने पाहता येते.

मेग्ज यांचा जन्म ३ मे १८१६ रोजी जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे झाला, पण ते वाढले फिलाडेल्फियात. वडील चार्ल्स मेग्ज हे प्रसूतिशास्त्रातले नामांकित डॉक्टर. मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला आणि १८३६ मध्ये वर्गात पाचवा येऊन बाहेर पडला. पुढच्याच वर्षी मिसिसिपी नदीच्या पाहणीवर त्याची नेमणूक झाली. सेंट लुईसचे बंदर गाळाने भरत चालले होते आणि वरच्या अंगाचे खडकाळ प्रवाह बोटींना अडवत होते. त्या कामावर मेग्ज यांचे वरिष्ठ होते लेफ्टनंट रॉबर्ट ई. ली. दोघांनी एकत्र मुक्काम केला, एकत्र नकाशे काढले. पुढे यादवी युद्धाने या दोघांना समोरासमोर आणले.

त्यानंतरची पंधरा वर्षे किल्ल्यांच्या बांधकामात गेली. डेट्रॉइटचा फोर्ट वेन हे त्यांतले मोठे काम. शांततेच्या काळात अमेरिकन सैन्यात बढती मुंगीच्या पावलांनी येई. छत्तिशी गाठली तरी मेग्ज लेफ्टनंटच होते.

नशीब पालटले ते एका आगीमुळे. २४ डिसेंबर १८५१ रोजी कॅपिटलच्या इमारतीतील काँग्रेसच्या ग्रंथालयाला आग लागली आणि ५५,००० पैकी सुमारे ३५,००० ग्रंथ जळाले. थॉमस जेफर्सन यांच्या संग्रहातील दोन तृतीयांश पुस्तके त्यांत गेली. राजधानी तेव्हा विहिरी आणि झऱ्यांवर तहान भागवत होती, आग विझवायला पुरेसे पाणी मिळणार कोठून? काँग्रेसने पाहणीसाठी पैसे मंजूर केले आणि काम मेग्ज यांच्याकडे आले. त्यांनी तीन पर्याय मांडले: जवळचा रॉक क्रीक, त्याहून लांबचा लिटल फॉल्स आणि सर्वांत दूरचा व खर्चिक ग्रेट फॉल्स. शिफारस केली शेवटच्याची. वाढत्या शहराला पुढची अनेक दशके पुरेल एवढे पाणी तेथूनच मिळणार होते, आणि उंचीमुळे ते पंपाविना, आपल्या उताराने शहराच्या जलाशयांपर्यंत येणार होते. ८ नोव्हेंबर १८५३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांच्या उपस्थितीत कामाचा शुभारंभ झाला.

ग्रेट फॉल्सहून शहराकडे परतताना मॅकआर्थर बुलेव्हार्ड हा रस्ता धरावा. पूर्वी त्याचे नाव कॉन्डुइट रोड होते, कारण खालून नऊ फूट व्यासाचा बंदिस्त पाट जातो. वरून जाणाऱ्याला दिसतात ती दुतर्फा झाडे, टुमदार घरे, सायकलस्वार. मग एका ठिकाणी सिग्नल लागतो. पुढे एकाच मोटारीपुरता पूल असतो आणि समोरची रांग संपेपर्यंत थांबावे लागते. हाच केबिन जॉन पूल.

पुलावरून जाताना त्याची भव्यता कळत नाही. त्यासाठी खाली ओढ्याच्या बाजूला उतरायला हवे. तेथून मान वर केली की झाडीच्या वर दगडाची एकच एक कमान दरी ओलांडून गेलेली दिसते: २२० फुटांचा गाळा, मध्ये एकही खांब नाही. मूळ आराखड्यात अनेक छोट्या कमानी होत्या. मेग्ज आणि त्यांचे सहकारी आल्फ्रेड राइव्ह्ज यांनी एकच मोठी कमान टाकायचे ठरवले. ग्रॅनाइट मॅसॅच्युसेट्सहून आला, तांबूस वालुकाश्म मेरीलँडमधील सेनेका येथील खाणींतून. हा माल कालव्याने येई. तो बोटीतून थेट कामापर्यंत यावा म्हणून मेग्ज यांनी ओढ्यावर बांध घालून पाणी तुंबवले आणि कालव्यातून आत शिरायला दरवाजे बसवले. १८६४ साली पूर्ण झालेली ही कमान विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत दगडी कमानींमध्ये जगातली सर्वांत मोठी होती. आजही तिच्या पोटातून शहराचे पाणी वाहते आणि पाठीवरून मोटारी जातात.

पुलावरची कोरीव पाटी निवांत वाचण्यासारखी आहे. जलवाहिनीचे काम सुरू झाले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पिअर्स आणि युद्धमंत्री जेफर्सन डेव्हिस, तसेच १८६१ मधले राष्ट्राध्यक्ष लिंकन आणि त्यांचे युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन, अशी चार नावे तिच्यावर आहेत. या डेव्हिस यांनीच मेग्ज यांना मोठी कामे दिली, त्यांना पाठबळ दिले. युद्ध पेटले आणि तेच डेव्हिस दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचे अध्यक्ष झाले. १८६२ मध्ये त्यांचे नाव छिन्नीने खरवडून टाकण्यात आले. पुढे चाळीसहून अधिक वर्षे तेथे मोकळी जागा होती. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते पुन्हा कोरण्याचा हुकूम दिला, आणि आज ते इतर नावांच्या बरोबरीने वाचता येते.

पाणी पुढे जलाशयांत विसावते आणि शहरात शिरते. जॉर्जटाउनच्या सीमेवर पेनसिल्व्हानिया अ‍ॅव्हेन्यू रॉक क्रीक ओलांडतो, तेथे मेग्ज यांनी आणखी एक धाडसी प्रयोग केला. पाण्याचे नळ पुलावरून नेण्याऐवजी नळांचाच पूल केला. ४८ इंच व्यासाचे दोन ओतीव लोखंडी नळ कमानीसारखे वाकवून २०० फुटांच्या गाळ्यावर टाकले आणि रस्त्याचा भार त्यांच्यावरच ठेवला. आतून पाणी, वरून गाड्या. १९१६ च्या सुमारास त्यांना बाहेरून काँक्रीटच्या कमानीने झाकले, म्हणून आज ते दिसत नाहीत, पण ते आत आहेत. ग्रेट फॉल्सचे पाणी डिसेंबर १८६३ मध्ये या वाटेने शहरात आले. वॉशिंग्टन अ‍ॅक्विडक्ट ही यंत्रणा अजूनही लष्कराच्या इंजिनिअर दलाकडेच आहे आणि राजधानी व परिसरातील सुमारे दहा लाख लोक तिचे पाणी पितात.

मेग्ज यांना आपले नाव कोरून ठेवण्याची मोठी हौस होती. पुलाच्या दुसऱ्या पाटीवर मुख्य इंजिनिअर म्हणून त्यांचे नाव आहे आणि जलवाहिनीच्या इतर भागांवरही ते उमटवलेले आढळते. कामाचे श्रेय कोणाचे, यावर ते हट्टाने भांडत. हाच स्वभाव पुढच्या मुक्कामी, कॅपिटलमध्ये, त्यांना नडला.

१८५३ मध्येच डेव्हिस यांनी कॅपिटलच्या विस्ताराचे काम मेग्ज यांच्याकडे सोपवले. तेथे थॉमस वॉल्टर हे वास्तुविशारद आधीपासून होते. सुरुवातीला दोघांचे जुळले, पुढे मुख्य कोण यावरून वितुष्ट आले. एकमेकांना पत्रे जाऊ लागली, नकाशे अडवून ठेवले जाऊ लागले. तरीही त्या वर्षांत झालेले काम थक्क करणारे आहे. प्रतिनिधिगृहाचे नवे सभागृह डिसेंबर १८५७ मध्ये आणि सिनेटचे जानेवारी १८५९ मध्ये वापरात आले. जुना, तांब्याने मढवलेला लाकडी घुमट उतरवायचा आणि त्या जागी ओतीव लोखंडाचा, कितीतरी मोठा घुमट उभारायचा होता. वॉल्टर यांनी तो रेखाटला. तो वर कसा चढवायचा, हे मेग्ज यांनी सोडवले. गोल सभामंडपाच्या मधोमध त्यांनी उंच लाकडी मनोरा उभा केला. त्यावर यारी बसवली आणि ती वाफेच्या इंजिनाने चालवली. इंजिनाला सरपण म्हणून जुन्या घुमटाचीच लाकडे जाळली.

आज कॅपिटलची मोफत सहल घेणारा पाहुणा सभामंडपात उभा राहून वर पाहतो, तेव्हा १८० फुटांवर कॉन्स्टन्टिनो ब्रुमिडी यांचे १८६५ चे भित्तिचित्र दिसते. रोमहून आलेल्या या चित्रकाराला कॅपिटलमध्ये पहिले काम दिले ते मेग्ज यांनी. घुमटाच्या माथ्यावर साडेएकोणीस फूट उंचीचा, थॉमस क्रॉफर्ड यांनी घडवलेला स्वातंत्र्यदेवीचा ब्राँझचा पुतळा आहे. त्याच्या मूळ आराखड्यात डोक्यावर मुक्त झालेल्या गुलामांची टोपी होती. डेव्हिस यांनी हरकत घेतली आणि तेथे गरुडाच्या पिसांचे शिरस्त्राण आले. त्याच पुतळ्याचा प्लास्टरचा नमुना न मोडता सुटा कसा करायचा, हे ओतशाळेतल्या फिलिप रीड या गुलाम कारागिराने शोधून काढले. डिसेंबर १८६३ मध्ये पुतळा माथ्यावर चढला, तेव्हा रीड स्वतंत्र नागरिक होते.

दरम्यान मेग्ज यांच्यावर बालंट आले होते. डेव्हिस यांच्यानंतरचे युद्धमंत्री जॉन फ्लॉइड यांना आपल्या मर्जीतल्या लोकांना कंत्राटे द्यायची होती आणि मेग्ज त्यांना दाद देईनात. शेवटी १८६० मध्ये त्यांची रवानगी फ्लोरिडाच्या टोकाहून दूर समुद्रात, ड्राय टॉर्टुगास बेटांवरील फोर्ट जेफर्सनला झाली. की वेस्टहून ११० किलोमीटरवरचा, दीड कोटीहून अधिक विटांचा तो किल्ला आता राष्ट्रीय उद्यान आहे आणि बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने तेथे जाता येते. मेग्ज यांच्यासाठी ती काळ्या पाण्याचीच शिक्षा होती. पण त्याच हिवाळ्यात फ्लॉइड यांना पायउतार व्हावे लागले आणि मेग्ज राजधानीत परतले.

एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले. सैन्याच्या पुरवठ्याचे प्रमुख, म्हणजे क्वार्टरमास्टर जनरल, जोसेफ जॉन्स्टन दक्षिणेला जाऊन मिळाले आणि मे महिन्यात ते पद मेग्ज यांना मिळाले. एका झेपेत ते ब्रिगेडियर जनरल झाले.

सैन्य पोटावर चालते असे म्हणतात, पण ते पायांवरही चालते आणि पायांना बूट लागतात. अन्न आणि दारूगोळा यांची खाती वेगळी होती. बाकीचे सगळे मेग्ज यांच्याकडे होते: गणवेश, बूट, कांबळी, तंबू, घोडे, खेचरे, गाड्या, आगबोटी, इस्पितळांच्या इमारती आणि अखेरीस कबरीसुद्धा. पहिल्या वर्षी कंत्राटदारांनी पावसात विरघळणारे कपडे आणि उकलणारे बूट माथी मारले. मेग्ज यांनी तपासणी कडक केली, चढाओढीच्या निविदा मागवल्या, एकेका बूटजोडीचा हिशेब ठेवायला लावला. युद्ध संपेपर्यंत त्यांच्या खात्याच्या हातून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, आणि मेग्ज यांच्या स्वतःच्या हातांना त्यांतला पैसाही चिकटला नाही. ते कचेरीत बसून राहणारेही नव्हते. १८६३ च्या शरद ऋतूत चॅटनूगात अडकलेल्या सैन्याची रसद मोकळी करण्यात ते स्वतः राबले. जुलै १८६४ मध्ये दक्षिणेचे जनरल अर्ली वॉशिंग्टनच्या वेशीवर आले, तेव्हा मेग्ज यांनी खात्यातल्या कारकुनांच्या आणि कामगारांच्या हाती बंदुका देऊन त्यांना फोर्ट स्टीव्हन्सजवळच्या खंदकांत उभे केले. १८६५ च्या सुरुवातीला उत्तरेचे जनरल शर्मन यांचे फाटक्या कपड्यांतले सैन्य सव्हानाला समुद्राशी पोचले होते. तेथेही नव्या पोशाखांची आणि बुटांची जहाजे हजर होती, आणि पाठोपाठ मेग्जही.

शहराच्या मध्यावर दहाव्या रस्त्यावर फोर्ड्स थिएटर आहे आणि समोर पीटरसन यांचे विटांचे साधे घर. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री थिएटरात गोळी लागलेल्या लिंकन यांना या घरात आणले. आत कोणाला सोडायचे आणि कोणाला नाही, हे ठरवत त्या रात्री दारात मेग्ज उभे होते. पर्यटक पायऱ्या चढून ज्या चिंचोळ्या वाटेने आत जातात, ते हेच दार.

मेट्रोच्या निळ्या मार्गाने नदी ओलांडली की आर्लिंग्टन दफनभूमीचे स्थानक येते. टेकडीच्या माथ्यावर जाड खांबांचा आर्लिंग्टन हाउस हा वाडा दिसतो. तो होता मेरी कस्टिस ली यांचा, म्हणजे मिसिसिपीवरच्या त्या जुन्या सोबत्याच्या पत्नीचा. ली यांनी दक्षिणेची बाजू घेतली, हे मेग्ज यांनी कधीच माफ केले नाही. त्यांच्या लेखी तो निव्वळ देशद्रोह होता. कर थकल्याचे कारण दाखवून सरकारने जानेवारी १८६४ मध्ये ही मालमत्ता २६,८०० डॉलरला ताब्यात घेतली. १३ मे रोजी विल्यम क्रिस्टमन या शिपायाचे पहिले दफन झाले आणि १५ जूनला मेग्ज यांच्या शिफारशीवरून ही जागा अधिकृतपणे सैनिकी दफनभूमी ठरली.

पण पहिल्या कबरी वाड्यापासून दूर, कोपऱ्यात खणल्या गेल्या होत्या. मेग्ज यांना त्या वाड्याच्या दारात हव्या होत्या, ली कुटुंब पुन्हा तेथे राहूच शकणार नाही अशा. त्यांच्या हुकमाने मेरी ली यांच्या फुलबागेच्या कडेने अधिकाऱ्यांच्या कबरी आल्या. बागेला लागून त्या आजही रांगेने उभ्या आहेत. १८६६ मध्ये त्यांनी बागेजवळ मोठा खड्डा खणून २,१११ अनोळखी सैनिकांचे अवशेष एकत्र पुरले आणि वर ग्रॅनाइटची समाधी बांधली. ली यांच्या मुलाने खटला भरला, १८८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला आणि पुढच्या वर्षी सरकारने १,५०,००० डॉलर देऊन जमीन रीतसर विकत घेतली. कबरी तेथेच राहिल्या.

या कठोरपणामागे पुढे एक खासगी दुःखही येऊन मिळाले. वाड्यामागच्या विभाग १ मध्ये मेग्ज कुटुंबाच्या समाध्या आहेत. मेग्ज आणि पत्नी लुइझा यांच्या भारदस्त दगडी समाधीशेजारी एक लहानशी ब्राँझची आकृती आहे. गणवेशातला तरुण उताणा पडला आहे, रिव्हॉल्व्हर बाजूला आहे आणि भोवतालच्या चिखलात घोड्यांच्या टापा उमटल्या आहेत. हा त्यांचा मुलगा जॉन रॉजर्स मेग्ज. १८६३ मध्ये वेस्ट पॉइंटला पहिला आलेला हा मुलगा ३ ऑक्टोबर १८६४ रोजी व्हर्जिनियातील डेटन गावाजवळ मारला गेला. शत्रूशी चकमकीत मरण आले असे एक बाजू सांगे. वडिलांचा मात्र अखेरपर्यंत ठाम समज होता की तो खून होता. आकृती घडवली थिओफिलस मिल्स यांनी, आणि मुलगा रस्त्यावर जसा सापडला तसा दाखवला. २ जानेवारी १८९२ रोजी मेग्ज गेले आणि त्यांनाही येथेच पुरण्यात आले.

त्यांचे शेवटचे मोठे काम पाहायला पुन्हा नदी ओलांडून जुडिशिअरी स्क्वेअर स्थानकावर उतरावे. सरकत्या जिन्याने वर आले की समोर लाल विटांची अजस्र भिंत येते. १८८२ मध्ये लष्करातून निवृत्त झाल्यावर मेग्ज यांना पेन्शन ब्यूरोची इमारत बांधायला सांगण्यात आले. युद्धातले जखमी, विधवा आणि अनाथ यांच्या अर्जांचा ढीग साचला होता आणि तो हाताळणाऱ्या सुमारे १,५०० कारकुनांना जागा हवी होती. रोमच्या प्रासादांवरून स्फूर्ती घेऊन त्यांनी १,५५,००,००० विटांची ही वास्तू १८८७ मध्ये पुरी केली. पैसा बेताचा होता आणि आगीची धास्ती जुनी, म्हणून वीटच.

आत शिरताच ३१६ फूट लांब आणि ११६ फूट रुंद सभागृह उलगडते. मधोमध ७५ फूट उंचीचे आठ खांब उभे आहेत. दिसायला ते संगमरवरी, पण आत विटाच आहेत, एकेका खांबात सत्तर हजारांच्या आसपास, वर गिलावा आणि रंग. कारकुनांना ताजी हवा मिळावी म्हणून खिडक्यांखाली विटा वगळून झरोके ठेवले आहेत. गरम हवा वर चढून छताजवळच्या खिडक्यांतून निघून जाते. जिन्याच्या पायऱ्या बुटक्या आणि रुंद आहेत, कारण त्या चढणारे अनेक जण कुबड्यांवर येणार होते.

बाहेरून, पहिल्या मजल्याच्या वर, कॅस्पर ब्युबर्ल यांनी घडवलेला भाजक्या मातीचा १,२०० फुटांचा शिल्पपट्ट इमारतीला वेढून जातो: पायदळ, घोडदळ, तोफा, नौकेतले खलाशी, जखमी शिपाई आणि मालाच्या गाड्या. सेनापतींची मांदियाळी येथे नाही. रसदीच्या गाडीचा हाक्या मुक्त झालेला कृष्णवर्णीय गुलामच असला पाहिजे, असे मेग्ज यांनी शिल्पकाराला बजावले होते. पश्चिम दारावर तो खेचरांचा लगाम धरून उभा आहे.

विसाव्या शतकात ही इमारत पाडण्याचा विचार झाला होता. १९८० मध्ये काँग्रेसने ती नॅशनल बिल्डिंग म्युझियमसाठी राखली आणि १९८५ मध्ये संग्रहालय लोकांना खुले झाले. मुलांकडे किंवा नातवंडांकडे वॉशिंग्टनला जाणाऱ्यांनी या प्रवासाला दोन दिवस राखावेत. पहिल्या सकाळी ग्रेट फॉल्स आणि केबिन जॉन, दुपारी कॅपिटल, तिची वेळ आधी नोंदवून. दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी आर्लिंग्टन, कारण टेकडीची चढण बरीच आहे. मग दुपारी पेन्शन इमारत. तेथे आधी बाहेरून पूर्ण फेरी मारून शिल्पपट्ट पाहावा आणि पश्चिम दारापाशी थांबून मगच आत जावे.